इंग्रजी व्याकरण आणि आकलनाची चाचणी कशी काढावी: पहिल्यांदाच पेपर काढणाऱ्यांसाठी

मी काढलेल्या पहिल्या आकलन चाचणीत एका मुलीला दहापैकी सात गुण मिळाले. पेपर गोळा करताना ती हळूच म्हणाली, “मॅडम, मला उताऱ्याचं पान मिळालंच नव्हतं.” झेरॉक्सच्या गठ्ठ्यात तिचा संच अर्धाच आला होता आणि मागायला तिला संकोच वाटला होता. तिने नुसते प्रश्न वाचले आणि उत्तरं लिहिली. उतारा मधमाश्यांवर होता. मध कशापासून होतो, राणीमाशीचं काम काय, पोळ्यात राबतं कोण, हे सगळं तिला आधीच ठाऊक होतं.

त्या सात गुणांवरून तिच्या वाचनाबद्दल मला काहीच कळलं नाही. त्याहून मोठा प्रश्न नंतर पडला: ज्यांच्या हातात उतारा होता, त्यांच्या गुणांवरून तरी काय कळलं?

शिकवणी घेणारे, भाषावर्ग चालवणारे, नव्याने शिक्षक झालेले, किंवा घरातल्याच कुणाला इंग्रजी शिकवणारे, सगळ्यांना कधी ना कधी चाचणी काढावी लागते. बहुतेक जण आपण विद्यार्थी असताना जे पेपर पाहिले, तसेच काढतात. मीही तेच केलं होतं. पुढे जे शिकले त्याचा गाभा एवढाच: प्रत्येक प्रश्नाने एकच गोष्ट तपासावी, आणि ती कोणती हे प्रश्न काढणाऱ्याला सांगता यावं.

पहिली पायरी: गुण हातात आल्यावर करणार काय?

प्रश्न लिहायला बसण्याआधी एका कागदावर हे वाक्य पूर्ण करा: “या चाचणीनंतर मी … ठरवणार आहे.” विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसवायचं हे ठरवायचं असेल, तर प्रश्न सोप्यापासून अवघडापर्यंत पसरलेले हवेत. महिनाभरात शिकवलेलं किती उतरलं हे पाहायचं असेल, तर जे शिकवलं त्याच्या बाहेर जायचं नाही. नेमकं कुठे अडतंय हे शोधायचं असेल, तर एकेका मुद्द्यावर तीन-चार प्रश्न हवेत, कारण एक उत्तर चुकलं तर ती घाई असू शकते, चारपैकी तीन चुकले तर तो मुद्दा कच्चा आहे. एकाच पेपरात ही तिन्ही कामं उरकायला गेलं की एकही धड होत नाही.

पातळीचा अंदाज बांधायला युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली सहा पायऱ्यांची चौकट उपयोगी पडते: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. तिची खुबी अशी की ती ‘काय येतं’ या भाषेत बोलते. अमुक काळ पाठ आहे का, असं ती विचारत नाही. ओळखीच्या विषयावरचा साधा मजकूर वाचून त्यातली मुख्य माहिती काढता येते का, असं विचारते. आपली चाचणी कोणत्या पायरीवरच्या माणसासाठी आहे, हे वर कोपऱ्यात लिहून ठेवा. उतारा निवडताना ती नोंद कामी येते.

इंग्रजीच्या परीक्षा पूर्वी फार वेगळ्या असत. केंब्रिजची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची प्रावीण्य परीक्षा १९१३ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा ती सुमारे बारा तास चालली. भाषांतर, व्याकरण, निबंध, उच्चारशास्त्र, सगळंच त्यात होतं. तीन जण बसले आणि तिघंही नापास झाले. आपल्याला बारा तास नकोत. चाळीस-पन्नास मिनिटं पुष्कळ झाली.

दुसरी पायरी: अर्ध्या पानाचा आराखडा

आराखडा म्हणजे फार काही नाही. डावीकडे मुद्दे, उजवीकडे प्रत्येकावर किती प्रश्न. उदाहरणार्थ: पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांतला फरक चार, आर्टिकल तीन, प्रेपोझिशन चार, अप्रत्यक्ष प्रश्नांतला शब्दक्रम तीन, मग दोन उतारे, प्रत्येकावर सहा प्रश्न. पर्याय निवडण्याच्या व्याकरणाच्या प्रश्नाला अर्धं ते एक मिनिट धरा. आराखडा नसला की एक गंमत हमखास होते: जे प्रश्न काढायला सोपे, तेच जास्त निघतात. आर्टिकलवर नऊ आणि अप्रत्यक्ष प्रश्नांवर शून्य, असा पेपर मी स्वतः काढला आहे.

तिसरी पायरी: व्याकरणाचे प्रश्न

इथे जरा थांबू, कारण बहुतेक पेपर इथेच फसतात.

समजा सिन्स आणि फॉर यांतला फरक तपासायचा आहे. मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्याची इथे ठरलेली चूक होते. आपण ‘पाच वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘२०१५ पासून’ही म्हणतो, दोन्हीकडे ‘पासून’ एकच. इंग्रजीत कालावधी असेल तर फॉर, आरंभबिंदू असेल तर सिन्स. म्हणून “आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स” हे वाक्य इतकं ऐकू येतं. आता प्रश्न असा काढू:

शी हॅज वर्क्ड हिअर ____ २०१५.
(अ) फॉर (ब) सिन्स (क) फ्रॉम

उत्तर ‘सिन्स’. पण खरी मेहनत उरलेल्या दोन पर्यायांत आहे. ‘फॉर’ निवडणाऱ्याला काळाशी संबंधित शब्द हवा हे कळलंय, कालावधी आणि आरंभ यांत तो गोंधळला. ‘फ्रॉम’ निवडणाऱ्याने ‘पासून’चं सरळ भाषांतर केलं. म्हणजे दोन चुकीची उत्तरं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघांना उद्या वेगवेगळं शिकवावं लागेल. तिसरा पर्याय ‘अंडर’ ठेवला असता तर तो कुणी निवडलाच नसता आणि ती जागा फुकट गेली असती.

असे चुकीचे पर्याय आणायचे कुठून? डोक्यातून काढू नका, वह्यांमधून काढा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तेच वाक्य आधी एका वर्गाला पर्यायांशिवाय, नुसती रिकामी जागा ठेवून द्यायचं. ज्या चुका दोन-तीनदा आल्या, त्या पर्याय म्हणून उचलायच्या. मराठी भाषकांच्या वह्यांत वारंवार दिसणाऱ्या आणखी काही: ‘मॅरीड विथ’ (आपल्याकडे लग्न कुणा‘शी’ होतं ना), ‘डिस्कस अबाउट’ (कशा‘बद्दल’ चर्चा), ‘टेल मी व्हेअर इज ही’, ‘आय अॅम हॅविंग अ कार’. आर्टिकलच्या चुका तर अगणित, कारण मराठीत आर्टिकल नावाची वस्तूच नाही.

पर्याय किती ठेवावेत? चार ठेवायची प्रथा आहे. पण २००५ साली गेल्या ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात तीन पर्याय पुरेसे असतात असाच निष्कर्ष निघाला. माझाही अनुभव तोच. चौथा पर्याय बहुतेक वेळा भरतीचा असतो, आणि वाचायला वेळ मात्र तेवढाच खातो.

आता सर्वांत घातक दोषाकडे येऊ. हा प्रश्न पाहा:

ही ____ इन धिस हाउस फॉर टेन इयर्स.
(अ) लिव्ह्ड (ब) हॅज लिव्ह्ड (क) इज लिव्हिंग

उत्तरसूचीत ‘हॅज लिव्ह्ड’ लिहून आपण मोकळे होतो. पण ‘लिव्ह्ड’ही बरोबर आहे! तो दहा वर्षं राहिला आणि मग गेला, असा अर्थ होतो. गंमत नाही, अन्याय आहे हा: ज्या विद्यार्थ्याला दोन्ही काळ नीट कळतात तोच इथे अडखळतो, आणि ‘फॉर दिसला की हॅज’ असं घोकलेला सुटतो. दुरुस्ती संदर्भ वाढवून होते: “ही ____ इन धिस हाउस फॉर टेन इयर्स, अँड ही हॅज नो प्लॅन्स टू मूव्ह.” तो अजून तिथेच आहे हे कळलं, आता एकच उत्तर उरलं. व्याकरणाचा प्रत्येक प्रश्न लिहिल्यावर प्रत्येक चुकीचा पर्याय वाक्यात घालून मोठ्याने वाचा आणि स्वतःला विचारा: असं कोणी, कुठल्याही प्रसंगी, म्हणू शकेल का? ‘हो’ आलं की प्रश्न बदला.

काही बारीकसारीक गोष्टी. रिकाम्या जागेआधी ‘अॅन’ असेल आणि पर्यायांत स्वराने सुरू होणारा एकच शब्द असेल, तर उत्तर तिथेच फुटलं. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब असू नये. आपण बरोबर उत्तर जपून, नेमकं लिहितो, त्यामुळे ते नकळत लांबतं आणि चाणाक्ष मुलं लांबी पाहून खूण करतात. वाक्यातले बाकीचे शब्द सोपे ठेवा. आर्टिकल तपासताना वाक्यात अनोळखी शब्द घातला, तर चूक कशामुळे झाली ते सांगता येणार नाही.

पर्याय निवडणं म्हणजे ओळखणं; स्वतः लिहिणं वेगळं. जो ‘सिन्स’ ओळखतो तो बोलताना ‘सिन्स’ वापरेलच असं नाही. म्हणून निम्मे प्रश्न तरी लिहायला लावणारे असावेत: कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा, वाक्यातली चूक शोधून दुरुस्त करा, दिलेल्या शब्दाने सुरुवात करून तेच वाक्य पुन्हा लिहा. चूक शोधण्याच्या प्रश्नात एक-दोन वाक्यं मुद्दाम बिनचूक ठेवा आणि तसं सूचनेत स्पष्ट लिहा. नाहीतर मुलं बरोबर वाक्यातही चूक शोधत बसतात आणि आपणच त्यांना तशी सवय लावतो.

व्याकरण आणि अर्थ एकत्र पाहायचा असेल, तर सलग उताऱ्यातले शब्द गाळण्याची पद्धत आहे. तिला क्लोझ म्हणतात. विल्सन टेलर यांनी १९५३ साली ती मांडली, तेव्हा उद्देश मजकूर किती सोपा-अवघड आहे हे मोजण्याचा होता. भाषा शिकणाऱ्यांच्या परीक्षेत ती नंतर आली. पहिलं वाक्य पूर्ण ठेवायचं आणि मग दर पाचवा किंवा सातवा शब्द गाळायचा. ती काय तपासते हे मराठीतच अनुभवून पाहा: “पाऊस थांबला ____, तरी आम्ही छत्री उघडीच ठेवली.” तुम्ही ‘होता’ भरलंत. ‘पाऊस’ पुल्लिंगी आहे म्हणून ‘होता’, आणि पुढे ‘तरी’ आहे म्हणून ते ‘नाही’ असू शकत नाही. दोन शब्द मागे आणि एक शब्द पुढे पाहून तुम्ही जागा भरली, तीही क्षणात. शिकणाऱ्याला इंग्रजीत हे किती जमतं, ते क्लोझ दाखवतं. तपासताना मूळ शब्दाचा आग्रह धरू नका. अर्थाला आणि व्याकरणाला धरून असलेला दुसरा शब्दही मान्य करा, आणि मान्य शब्दांची यादी तपासायच्या आधी तयार ठेवा. दर पाचव्या शब्दाऐवजी तुम्हाला हवे तेच शब्द निवडून गाळलेत (फक्त प्रेपोझिशन, फक्त ‘बिकॉज’सारखे वाक्यं जोडणारे जोडशब्द) तर वर्गातल्या चाचणीला ते जास्त उपयोगी पडतं. याच कुळातली सी-टेस्ट १९८०च्या दशकाच्या आरंभी आली. तिच्यात दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडलेला असतो. छोट्या जागेत पुष्कळ माहिती मिळते, पण नवख्यांना ती पाहूनच धडकी भरते. आधी एकदा वर्गात खेळ म्हणून सोडवून घ्या.

चौथी पायरी: उतारा निवडणं

आकलनाची चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा उताऱ्यापाशी. शब्दसंख्येवर लक्ष देण्याआधी अनोळखी शब्द मोजा. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात दिसलं. ९८ टक्के ऐकायला फार वाटतं. पण हिशेब करा, दर पन्नास शब्दांत एक अनोळखी. अडीचशे शब्दांच्या उताऱ्यात पाच. ९५ टक्के धरले तर दर वीस शब्दांत एक, म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या ओळीत ठेच. चाचणीआधी उतारा तुमच्या वर्गाच्याच पातळीच्या दुसऱ्या कुणाला द्या आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

विषयाचं ओझंही तपासा. १९८८ साली अमेरिकेतल्या दोन संशोधिकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ पक्का ठाऊक असलेली मुलं, वाचनात चांगली पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे निघाली. तुमच्या उताऱ्यातही हेच होणार. विषय असा हवा की तो सगळ्यांना सारखाच परिचित असेल किंवा सारखाच नवा. मी आता छोट्या काल्पनिक गोष्टी स्वतः लिहिते. त्यांतली माहिती बाहेरून कुणालाच असू शकत नाही.

मूळ इंग्रजी मजकूर सोपा करताना एक खड्डा लागतो. लांब वाक्यं तोडून छोटी केली की सोपं झालं, असं वाटतं. पण तोडताना ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘सो’ हे शब्द गळून पडतात आणि दोन वाक्यांमधलं नातं वाचकाला स्वतःच जुळवावं लागतं. उतारा दिसायला सोपा आणि समजायला अवघड होतो. शब्द बदला, पण जोडशब्द जपा.

पाचवी पायरी: उताऱ्यावरचे प्रश्न

हे वाक्य वाचा: “काल संध्याकाळी मुरबाने गडशीला झाडामागे तिरकावलं.” आता उत्तरं द्या. गडशीला कोणी तिरकावलं? मुरबाने. कुठे? झाडामागे. कधी? काल संध्याकाळी. तीनपैकी तीन गुण! मुरब म्हणजे काय, तिरकावणं म्हणजे काय, कुणालाच माहीत नाही. ते शब्द मी आत्ताच बनवले. विभक्ती प्रत्यय आणि शब्दांच्या जागा पाहून तुम्ही उत्तरं उचललीत. इंग्रजी उताऱ्यावर ‘हू’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’ असे प्रश्न मूळ वाक्याच्याच शब्दांत विचारले, तर विद्यार्थी नेमकं हेच करतो: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतो आणि ती ओळ उतरवतो. पूर्ण गुण मिळतात, समजलेलं काहीच नसतं.

उपाय दोन. पहिला, प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारा. उताऱ्यात ‘द शॉप वॉज शट’ असेल तर प्रश्नात ‘क्लोज्ड’ किंवा ‘नॉट ओपन’ वापरा. दुसरा, ओळींच्या मधलं विचारा.

एक छोटा उतारा घेऊ, मराठीतच सांगते. एका माणसाच्या घराचं छप्पर गळतं. पहिल्या दिवशी तो खाली बादली ठेवतो. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी शेजारी खांद्यावर शिडी घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा हा म्हणतो, “बरं झालं आलात. तुमच्याकडे एखादी जास्तीची बादली आहे का?”

‘दुसऱ्या दिवशी किती बादल्या होत्या?’ हा ओळींवरचा प्रश्न. एखादा असू द्या. घाबरलेल्या विद्यार्थ्याला तो हात देतो. ‘शेजारी शिडी घेऊन का आला?’ याचं उत्तर उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही, तरीही उताऱ्यातूनच मिळतं: छप्पर दुरुस्त करायला. ‘शेवटच्या वाक्यातून त्या माणसाबद्दल काय कळतं?’ हा सर्वांत मोलाचा. पर्याय असे ठेवता येतील: त्याला शेजारी आवडत नाही, गळती थांबवायचा विचार त्याच्या मनात आलेला नाही, त्याच्याकडे शिडी घ्यायला पैसे नाहीत. तिसरा पर्याय ‘वाटू शकेल’ असा आहे, पण त्याला उताऱ्यात आधार नाही. शिकणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो: उताऱ्याने काय सांगितलं आणि मला काय वाटतं, यांत. तो गोंधळ पकडण्यासाठीच ‘बरोबर, चूक, उताऱ्यात सांगितलेलं नाही’ असा तीन उत्तरांचा प्रकार काही मोठ्या परीक्षांत, आयईएलटीएससारख्या, वापरतात. नवख्यांना ‘चूक’ आणि ‘सांगितलेलं नाही’ यांतला फरक उदाहरण देऊन आधी शिकवा. ‘त्या माणसाने पहिल्या दिवशी तीन बादल्या ठेवल्या’ हे चूक, कारण उतारा वेगळं सांगतो. ‘तो माणूस एकटा राहतो’ हे सांगितलेलं नाही.

उतारा दोनशे शब्दांचा असेल तर पाच-सहा प्रश्न पुरे. ते उताऱ्याच्या क्रमाने ठेवा, सगळ्या उताऱ्याचा आशय विचारणारा प्रश्न शेवटी. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात फुटत नाही ना, हे पाहा.

आता मी ज्याबाबत आग्रही आहे ती गोष्ट. सुरुवातीच्या पातळीवर आकलनाचे प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तरंही मराठीत लिहू द्या. तपासायचंय वाचन. इंग्रजीत उत्तर मागितलं की लेखनही तपासलं जातं, आणि ज्याला उतारा पूर्ण कळला पण वाक्य लिहिता येत नाही, तो न वाचलेल्यासारखा दिसतो. इंग्रजीत उत्तर घ्यायचंच असेल तर स्पेलिंग किंवा व्याकरणासाठी एकही गुण कापू नका. ‘ही वॉन्ट मोर बकेट’ लिहिणाऱ्याला उतारा समजला आहे. त्याचं ‘वॉन्ट’ व्याकरणाच्या विभागात पाहता येईल. मला हे खूप लोकांनी खोडून सांगितलं, लाड होतात म्हणून. पण एकाच चुकीसाठी दोन ठिकाणी गुण गेले तर वाचन कमजोर की लेखन, हे त्या मुलाला आणि मला कधीच कळणार नाही.

सहावी पायरी: झाकून पाहा

उतारा झाका आणि फक्त प्रश्न व पर्याय दोन-तीन जणांना सोडवायला द्या. सामान्यज्ञानाने किंवा पर्यायांच्या रचनेवरून जे प्रश्न सुटतील ते काढून टाका. अंदाजाने थोडे गुण मिळणारच, तेवढे धरून चाला: तीन पर्याय असतील तर सहापैकी दोन. त्याहून बरेच जास्त मिळाले तर दोष प्रश्नांत आहे. मी मधमाश्यांचे जुने प्रश्न असे झाकून दिले, तेव्हा दहातले सहा काढावे लागले. उतारा ठेवला; त्यात एका विशिष्ट माणसाने पहिल्यांदा पोळं हाताळताना केलेल्या दोन चुका घातल्या आणि प्रश्न त्या चुकांवर काढले.

मग उत्तरसूची बाजूला ठेवून एखाद्या सहकाऱ्याला पूर्ण पेपर सोडवायला सांगा. त्याचं एक जरी उत्तर तुमच्याशी जुळलं नाही, तरी वाद घालू नका, प्रश्न बदला. त्याला लागलेल्या वेळेच्या निदान तिप्पट वेळ विद्यार्थ्यांना द्या.

परीक्षेच्या दिवशी दोनच गोष्टी सांभाळा: सूचना मराठीत, प्रत्येक प्रकाराचं एक सोडवलेलं उदाहरण वर छापलेलं. आणि संच वाटल्यावर सगळ्यांना पानं मोजायला सांगा.

सातवी पायरी: तपासल्यानंतरचं गणित

गुणांची बेरीज झाली की बहुतेक जण पेपर कपाटात ठेवतात. खरं तर चाचणीचीच परीक्षा आता सुरू होते, आणि तिला साधी भागाकाराची पाटी पुरते.

तीस विद्यार्थी होते असं धरू. प्रत्येक प्रश्न किती जणांना आला, भागिले तीस. सत्तावीस जणांना आला तर ०.९, फार सोपा. सहा जणांना आला तर ०.२, फार अवघड, किंवा तुम्ही तो शिकवलाच नाही. ०.३ ते ०.७ या पट्ट्यातले प्रश्न विद्यार्थ्यांमधला फरक चांगला दाखवतात. मात्र महिन्याच्या उजळणीच्या चाचणीत ०.९ आलं तर वाईट वाटून घेऊ नका. शिकवलेलं पोचलं, एवढाच त्याचा अर्थ.

आता एकूण गुणांनुसार गठ्ठा लावा. वरचे दहा एकीकडे, खालचे दहा दुसरीकडे. सातवा प्रश्न वरच्या नऊ जणांना आला आणि खालच्या तिघांना. नऊ वजा तीन, भागिले दहा: ०.६. उत्तम प्रश्न. ०.३ किंवा त्याहून जास्त आलं तर समाधान माना, ०.२ च्या खाली आलं तर प्रश्न पुन्हा वाचा. बारावा प्रश्न वरच्या चौघांना आला आणि खालच्या सात जणांना: उणे ०.३! हुशार मुलं चुकली, कच्ची बरोबर आली. अशा वेळी आधी उत्तरसूची तपासा, मग ‘लिव्ह्ड’ आणि ‘हॅज लिव्ह्ड’सारखा दुसरा अर्थ कुठे दडलाय का ते पाहा. जवळजवळ नेहमी तो दडलेला असतो. तो प्रश्न रद्द करा आणि मुलांना तसं सांगा. वर्ग लहान असेल, आठ-दहा जणांचा, तर हे आकडे डळमळीत असतात; त्यांच्यावरून फक्त संशय घ्या, निकाल देऊ नका.

शेवटी पर्याय मोजा. कुणीच न निवडलेला पर्याय बदलून टाका. ज्या चुकीच्या पर्यायावर बारा जणांची खूण आहे, तो उद्याचा तास आहे.

गुण वाचून दाखवण्याऐवजी मी प्रत्येकाला एक चिठ्ठी देते. तिच्यावर दोन ओळी असतात: व्याकरणात कोणता मुद्दा अडला, आणि वाचनात ओळींवरचं चुकलं की ओळींमधलं. बेरजेचा आकडा हवा असेल तर मागच्या बाजूला असतो. चांगले ठरलेले प्रश्न एका वहीत जातात, शेजारी तारीख, किती जणांना आला, वर-खालचा फरक आणि कोणता पर्याय वाया गेला. माझ्या वहीत पहिल्या वर्षाअखेर तेवीस प्रश्न उरले होते, काढले होते दोनशेच्या वर. त्यातला बादल्यांचा उतारा अजून चालतो. फक्त शिडीच्या प्रश्नाचा एक पर्याय तेवढा दोनदा बदलावा लागला.